आट्यांची गोष्ट: लेथने स्वतःसाठीच बनवलेला भाग

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आले होते, त्यातले बरेच काढून टाकलेत.

आजचा विषय आहे आटे. इंग्रजीत थ्रेड. बाटलीच्या झाकणाला असतात, बोल्टला असतात, नळाला असतात. रोज दहा वेळा आपला हात त्यांच्यावरून फिरतो, पण त्यांना इतिहास असेल असं आपल्या डोक्यातही येत नाही. म्हणून सुरुवात बाथरूमपासून करू. तुमच्या घरातला अर्धा इंची नळ भिंतीतल्या पाइपात ज्या आट्यांवर बसलाय, ते एका इंचात १४ असतात आणि प्रत्येक आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. भारताने १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. पाणी लिटरमध्ये आलं, रस्ते किलोमीटरमध्ये आले. नळाचे आटे मात्र इंचातच राहिले. आणि तो ५५ अंशांचा कोन १८४१ साली इंग्लंडमध्ये ठरला होता. म्हणजे दात घासताना आपण जवळपास दोनशे वर्षं जुन्या निर्णयाला हात लावत असतो!

तो निर्णय कसा झाला, आपल्याकडे कसा पोचला आणि पेणमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याच्याशी माझी गाठ कशी पडली, हे आज सांगतो.

प्रत्येक नटाचा आपापला बोल्ट

अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत यंत्रांचे बोल्ट बरेचसे हाताने बनायचे. कारागीर कानशीने किंवा साध्या डायने आटे पाडायचा. त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टवर बसेलच याची खात्री नसायची. यंत्र उघडलं की कुठला नट कुठल्या बोल्टचा, यावर खुणा करून ठेवाव्या लागत. खुणा पुसल्या गेल्या की पुन्हा जोडणी करणाऱ्याचे हाल.

लंडनमधल्या हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने १८०० सालच्या आसपास आटे पाडणारा लेथ नीट चालवून दाखवला. लेथ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: धातूचा तुकडा गोल फिरतो आणि एका जागी घट्ट धरलेलं हत्यार त्याला सोलत जातं. कुंभाराचं चाक आडवं केलंय आणि मातीच्या जागी लोखंड आहे, असं समजा. मॉडस्लेच्या लेथमध्ये हे हत्यार हातात धरायचं नव्हतं. एक लांब स्क्रू, म्हणजे लीड स्क्रू, त्याला ठरावीक वेगाने पुढे ढकलायचा. तुकडा आणि लीड स्क्रू यांच्यामध्ये गिअर. गिअर बदलले की आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, बदलते.

आता गंमत बघा. अचूक स्क्रू बनवायला आधी अचूक स्क्रू हवा. मग पहिला कुठून आणायचा? मॉडस्लेने फिरणाऱ्या मऊ धातूच्या दांड्यावर ठरावीक कोनात तिरकं पातं टेकवलं आणि त्या पात्यानेच दांड्यावर नागमोडी रेघ ओढून घेतली. तिच्यावरून पहिला स्क्रू, त्याच्यावरून त्याहून चांगला दुसरा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. कंपायलर बनवायला आधीचा कंपायलर लागतो, आणि सगळ्यात पहिला कोणीतरी हाताने, रडतखडत लिहिलेला असतो. आपल्याला वाटतं ही आपल्या काळाची कल्पना. ती लेथवाल्यांची आहे.

मॉडस्लेच्याच वर्कशॉपमध्ये काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढचं पाऊल टाकलं. त्याने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांचे बोल्ट जमवले, मोजले, त्यांची साधारण सरासरी काढली आणि १८४१ साली इंजिनिअर लोकांच्या संस्थेपुढे मांडलं, की सगळ्यांनी एकच प्रमाण वापरा: कोन ५५ अंश, आणि अमुक जाडीला अमुक आटे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२.

अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने वेगळं प्रमाण मांडलं. कोन ६० अंश, कारण समभुज त्रिकोणाचा कोन तपासायला सोपा. अर्ध्या इंचाला आटे १३. बारा आणि तेरा! नट दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडकतो, आणि जोर लावला की आटे मरतात.

एका आट्याच्या फरकाने काय बिघडतं? फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात प्रचंड आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या पाइपांची कपलिंग बाल्टिमोरच्या पाण्याच्या जोडांवर बसेनात. आटे वेगळे होते. पाणी होतं, माणसं होती, बंब होते, आणि आग तीस तासांहून जास्त वेळ चालली. १५०० हून जास्त इमारती गेल्या.

आपल्याकडे काय चाललं होतं?

व्हिटवर्थने आपलं प्रमाण मांडलं त्याच १८४१ साली मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले हे गृहस्थ वाफेच्या इंजिनांच्या नादी लागले होते. त्यांनी मुंबईत एक हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन स्वतः बांधलं होतं, आणि पुढे मुंबईच्या गोदीतल्या वाफेच्या यंत्रांची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे आली. यंत्र बाहेरून आलं की ते समजणारा माणूसही बाहेरूनच यावा लागतो, ही समजूत त्यांनी तेव्हाच खोटी पाडली होती.

पुढे गिरण्या आल्या, रेल्वे आली. यंत्रं इंग्लंडची, म्हणून आटे व्हिटवर्थचे. सुटा भाग मोडला की नवा बोटीने यायचा, आणि तोवर यंत्र बंद. म्हणून गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लेथ लागले आणि त्यांच्यावर आपली माणसं शिकली. आजही हार्डवेअरच्या दुकानात 'चार सुताचा बोल्ट द्या' असं ऐकू येतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. व्हिटवर्थचा अर्धा इंच आपल्या तोंडी 'चार सूत' होऊन बसला.

आता लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे येऊ. नाव तुम्हाला माहीत आहे, पण आजच्या विषयाच्या बाजूने बघू. जन्म १८६९. मुंबईला चित्रकला शिकायला गेले. काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेली, नोकरी सोडली, बेळगावला भावाबरोबर सायकलींचा धंदा, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपेनात. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा दिली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या माळावर नट-बोल्टचं दुकान नव्हतं. ओतकाम, सुतारकाम, लेथकाम सगळं स्वतःच उभं करावं लागलं. आणि शेतकऱ्याला नांगर विकायचा म्हणजे झिजलेला फाळ काढून नवा बसवता आला पाहिजे. शंभराव्या नांगराची भोकं आणि बोल्ट पहिल्या नांगरासारखेच हवेत. म्हणजे व्हिटवर्थने जे इंग्लंडला सांगितलं, ते इथे माळावर स्वतः पाळून दाखवायचं होतं.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रांची आवक आटली. कारखान्यांना लेथ हवेत आणि मिळत नाहीत, अशी अवस्था. १९४१ साली हरिहरला 'मैसूर किर्लोस्कर' सुरू झाली आणि तिथे लेथ बनू लागले. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी आली. राजकोट, बटाला, लुधियाना इथल्या छोट्या कारखानदारांनी स्वस्त लेथ बनवून देशभर पोचवले. पेण, रोहा, अलिबाग अशा तालुक्याच्या गावी शटर उघडलं की आत दिसणारा लेथ बहुतेक वेळा याच परंपरेतला असतो.

पेणचा लेथ आणि न बसणारा चक

माझे काका पेणला वर्कशॉप चालवतात. पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आठवतात, आणि आठवावेतच. पण गाव चालतं ठेवायला लेथही लागतो. भातगिरणीचा शाफ्ट, होडीच्या पंख्याचा शाफ्ट, पंपाचं बुशिंग, ट्रॅक्टरची पिन, सगळं काकांकडे येतं. लेथ त्यांच्या वयाचा आहे. बेड चांगला, गिअर चांगले, पण तीन जबड्यांचा चक पार झिजलेला. चक म्हणजे जॉब पकडणारा पंजा. जबडे झिजले की जॉब थरथरतो आणि गोल म्हणून निघालेली वस्तू गोल नसते.

नवीन चक आणला. तो लेथवर थेट बसत नाही. मध्ये एक जाड बिडाची चकती लागते, तिला बॅकप्लेट म्हणतात. तिच्या एका बाजूला आटे, ते लेथच्या फिरणाऱ्या टोकावर, म्हणजे नोजवर बसतात. दुसऱ्या बाजूला चक बोल्टने आवळायचा. सोप्या भाषेत, ॲडॅप्टर.

आणि इथे व्हिटवर्थ आडवा आला. नोजचा व्यास दीड इंच. व्हिटवर्थच्या तक्त्यात दीड इंचाला आटे सहा. आमच्या नोजवर थ्रेड गेज लावला तर आठ! कोन ५५ चाच, पण संख्या लेथवाल्यांची वेगळी. जगभर जुन्या छोट्या लेथमध्ये दीड इंच-आठ आटे हे माप नेहमीचं, पण तयार टॅप किंवा तयार प्लेट पेणला सोडा, पनवेललाही मिळेना. एका जाणकाराने सल्ला दिला, "विकून टाका. भंगारात किलोवर जाईल." एक चकती मिळत नाही म्हणून चाळीस वर्षं पोट भरणारं यंत्र वजनावर घालायचं! काका फक्त म्हणाले, "अरे, लेथ आहे ना आपल्याकडे. लेथच करेल."

कोडं आणि त्याचं उत्तर

इथे मला खरं कोडं दिसलं. प्लेटमध्ये आटे पाडायचे म्हणजे ती लेथवर फिरवायला हवी. फिरवायची म्हणजे ती दुसऱ्या, चार जबड्यांच्या चकमध्ये धरायची, आणि तो चक नोजवर बसलेला. मग आटे बरोबर पडले का, हे नोजवर लावून बघणार कसं? नोज तर झाकलेलं! प्लेट काढून बघितली आणि आटे थोडे कमी निघाले, तर पुन्हा अगदी त्याच जागी ती धरता येत नाही.

काकांचं उत्तर होतं, "आधी नोजचं जुळं बनवायचं."

म्हणजे असं. पोलादाचा दांडा घेऊन त्याच्यावर बाहेरून दीड इंच-आठचे आटे पाडायचे. लीड स्क्रूला इंचात चार आटे असतील, तर जॉबचे दोन फेरे होताना लीड स्क्रूचा एक व्हावा असे गिअर लावायचे. गणित एवढंच. मग लेथची जुनी फेसप्लेट, जी नोजवर नीट बसते हे माहीत आहे, ती या दांड्यावर फिरवून बघायची. फेसप्लेट नोजवर बसते आणि दांड्यावरही तशीच बसते, म्हणजे दांडा नोजचा जुळा भाऊ. आता नोज झाकलेलं असलं तरी चालतं, कारण त्याची प्रत हातात आहे. माझ्यातल्या टेस्टिंगवाल्याला फार आनंद झाला. आधी टेस्ट लिहा, मग कोड!

मग प्लेट धरली. आतलं भोक आधी ३४ मिलिमीटरपर्यंत नेलं, कारण दीड इंच म्हणजे ३८.१, आणि त्यातून दोन्ही बाजूंची आट्याची खोली वजा केली की ३४ उरतात. तोंडाशी नोजच्या कॉलरसाठी खाच केली आणि मागची बाजू सपाट केली. हे सगळं प्लेट न हलवता, एकाच पकडीत. पकड बदलली तर आटे एका रेषेत आणि पाठ दुसऱ्या रेषेत जाते. त्यानंतर ५५ अंशांना घासलेलं हत्यार आत घालून एका वेळी केसाएवढा काप घेत गेलो. बिडाचा कीस पोलादासारखा लांब सुटत नाही, काळ्या भुकटीसारखा झडतो. सगळं तोंड काळं होतं. चार काप, की जुळा भाऊ लावून बघ. जात नाही. अजून दोन काप. अर्धा गेला. ब्रशने साफ कर. अजून एक. मग तो हाताने, न अडकता, न खडखडता, शेवटपर्यंत फिरत गेला.

पण काम इथे संपत नाही. आता चार जबड्यांचा चक काढायचा, प्लेट नोजवर चढवायची, आणि ती त्याच लेथवर फिरत असताना तिची पुढची बाजू आणि चक बसायची पायरी कापायची. शेवटचा हात त्याच लेथचा. त्यामुळे आधी काही बारीक तिरकेपणा राहिला असेल तर तोही निघून जातो, कारण प्लेट ज्या अक्षावर आयुष्यभर फिरणार, त्याच अक्षावर ती गोल होते. मी कितीही पैसे मोजून बाहेरून तयार प्लेट आणली असती, तरी हा शेवटचा हात इथेच द्यावा लागला असता.

दोन रविवार गेले. चक बसला. डायल गेजचा काटा जवळजवळ जागचा हलला नाही.

(ज्यांच्याकडे असा लेथ आहे त्यांच्यासाठी: आट्यांवर बसलेला चक उलटा फिरवून काप घेऊ नका, तो सुटून अंगावर येऊ शकतो. आणि लेथजवळ सैल बाह्या, हातमोजे नकोत.)

१२७ दातांचा गिअर

काकांच्या गिअरच्या डब्यात एक वेगळा, मोठा गिअर होता. मोजले तर दात १२७. असा विचित्र आकडा का? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याची पाचपट १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, म्हणजे लहान गिअरांत फोडताही येत नाही. इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर हा गिअर लागतोच. भारताने १९५६ साली पद्धत बदलली, पण म्हणून कोणी लेथ फेकून दिले नाहीत. हा एक गिअर मध्ये अडकवला आणि इंचाचं यंत्र मिलिमीटरचे आटे पाडू लागलं. शाळेच्या पुस्तकात मेट्रिक पद्धत एका ओळीत आली होती. वर्कशॉपमध्ये ती १२७ दातांनी आली.

आता मला काय वाटतं ते सांगतो. इतिहासात आपण प्रमाण ठरवणाऱ्यांची नावं वाचतो: व्हिटवर्थ, सेलर्स, १९४८ साली एकत्र बसून एकच आटा ठरवणारे ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा. त्यांचं काम मोठंच आहे. प्रमाण नसलं की काय होतं, हे बाल्टिमोरने दाखवलं. पण कुठलंच प्रमाण सगळीकडे पोचत नाही. जुनं यंत्र, नवा भाग, इंग्लंडचा इंच, भारताचा मिलिमीटर, यांच्यामध्ये कायम एक फट राहते, आणि ती भरणारा माणूस बहुधा तालुक्याच्या गावी शटरच्या आत, काळ्या हातांनी उभा असतो. औद्योगिक महाराष्ट्र प्रमाणांवर जेवढा उभा राहिला, तेवढाच या ॲडॅप्टरांवर. त्यांची नोंद मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

आणि ती माणसं कमी होत चालली आहेत. नवी पोरं सीएनसी शिकतात, शिकावंच. पण सीएनसीवाला एका चकतीसाठी मशीन थांबवत नाही. काकांकडे शेवटचा मदतनीस होता तो आता डोलवीच्या बाजूला कंपनीत लागला. गेज कसा धरायचा, 'जुळा भाऊ' का बनवायचा, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला मराठीत सापडलं नाही. म्हणून हा भाग. जुळ्या भावाचं रेकॉर्डिंग मी फोनवर केलंय, काकांच्या आवाजात, मशीनच्या खडखडाटासकट.

तुमच्या गावात जुना लेथवाला असेल तर एकदा जाऊन बसा. चहा घेऊन जा. त्याने स्वतःच्याच मशीनसाठी काय काय बनवलंय ते विचारा, आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. ऐकण्यासारखं काही मिळालं तर आम्हाला नक्की कळवा, एखादा भाग त्याच्यावरच करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर नळ फार जोरात आवळू नका!